गॅस गीझर पेटत नाही? आधी टिकटिक ऐका, मग पाना हातात घ्या

पूर्ण बंद पडलेला गॅस गीझर एक वेळ परवडतो. बिघाड समोर दिसतो, सुटा भाग बदलला की काम संपतं. खरा छळ करतो तो कधी पेटणारा, कधी न पेटणारा गीझर. सकाळी साडेसहाला घरातल्या सगळ्यांना पाणी हवं असतं तेव्हा तो नुसता टिकटिक करत बसतो, आणि दुपारी मेकॅनिक आला की पहिल्या झटक्यात पेटतो. मेकॅनिक सेल बदलतो, पैसे घेतो, जातो. दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावलेला असताना पुन्हा थंड पाणी.

आमच्या इमारतीतले आणि नात्यागोत्यातले असे बरेच गीझर मी उघडून पाहिले आहेत. बहुतेकांत गीझरचा स्वतःचा दोष नव्हता. पाणी, सेल, गॅस किंवा हवा, यांपैकी काहीतरी कमी पडत होतं आणि म्हणून गीझर पेटायला नकार देत होता. तो तसाच बनवलेला असतो. काय कमी पडतंय ते न शोधता सुटे भाग बदलत राहिलं तर पैसे जातात आणि तक्रार जागच्या जागी राहते. त्याहून वाईट म्हणजे, कधी कधी नकार देणारा भागच कुणीतरी वायर जोडून निकामी करून टाकतं. ते का करू द्यायचं नाही, हे पुढे येईलच.

इथे जे सांगतोय ते आपल्याकडे घरोघरी असलेल्या, मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी तापवणाऱ्या, दोन मोठ्या सेलवर चालणाऱ्या गीझरबद्दल आहे. नळ उघडला की आपोआप पेटतो आणि बंद केला की विझतो, तो.

आत काय घडतं

नळ उघडल्यावर पाणी गीझरमध्ये शिरतं आणि एका रबरी पडद्याजवळून जातं. या पडद्याला मेकॅनिक डायफ्रॅम म्हणतात. पाण्याला पुरेसा जोर असेल तर पडदा फुगतो आणि एक बारीक दांडी पुढे ढकलतो. दांडी दोन कामं करते: गॅसची पहिली झडप उघडते आणि एक छोटा मायक्रोस्विच दाबते किंवा सोडते. स्विचमुळे सेलचा प्रवाह कंट्रोल बॉक्सकडे जातो. तिथून बर्नरवर टिकटिक ठिणग्या पडू लागतात, आणि त्याच वेळी सोलेनॉइड नावाची दुसरी, विजेवर चालणारी झडप उघडते. आता गॅस बर्नरपर्यंत पोचतो आणि पेटतो. ज्योतीत एक धातूची काडी असते, तिला सेन्सर म्हणतात. ज्योत लागली हे सेन्सरला कळलं की टिकटिक थांबते आणि झडप उघडी राहते. काही सेकंदांत ज्योत कळली नाही तर झडप बंद. जळला नाही तो गॅस घरात साचू नये, एवढ्यासाठी.

हा क्रम डोक्यात पक्का बसवा. पाणी, दांडी, स्विच, टिकटिक, झडप, ज्योत, सेन्सर. कुठे अडलं हे गीझर आवाजानं सांगतो. फक्त नळ उघडताना त्याच्याजवळ कान देऊन उभं राहायला हवं, आणि घरातला पंखा, मिक्सर, टीव्ही बंद हवा.

कव्हर काढण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. गॅसचा वास येत असेल तर तपासणी तिथेच थांबवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून फक्त वरची झरोक्याची खिडकी उघडून भागत नाही, दारही सताड उघडं हवं. मग १९०६ या गॅस तक्रारीच्या क्रमांकावर फोन करा. वास नसेल तरच पुढचं सगळं करायचं.

टिकटिकच येत नसेल

इथे गॅसचा काही संबंध नाही. सिलिंडर बदलून, रेग्युलेटर काढून-लावून काहीही होणार नाही. अडचण सेलची आहे किंवा पाण्याची.

सेल आधी पाहा, कारण ते सोपं आहे. डबा उघडून आतल्या पितळी पट्ट्या बघा. बाथरूममधल्या वाफेनं त्यांच्यावर हिरवट किंवा पांढरा थर चढतो आणि नवे सेल टाकले तरी प्रवाह पुढे जात नाही. बारीक पॉलिश पेपरनं घासा, पट्टी थोडी वर उचला म्हणजे सेलला घट्ट टेकेल. सेलची उलटसुलट बाजूही तपासा. घाईत उलटा घातलेला सेल मी एकाहून जास्त घरांत पाहिला आहे.

सेल नवे, पट्ट्या स्वच्छ, तरी टिकटिक नाही. मग पाणी मोजा. मोजा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण "पाण्याला प्रेशर चांगलं आहे" हे सगळेच सांगतात आणि ते अंदाजानं सांगतात. गीझरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याखाली लिटरभराचा मग धरा. वीस सेकंदांच्या आत भरला, म्हणजे मिनिटाला तीन लिटर पाणी येतंय, तर बहुतेक गीझर पेटतात. तीस सेकंद लागत असतील तर पडद्यावर पुरेसा जोर पडतच नाही.

पाण्याचा जोर येतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे दर मीटरला ०.१ बार. पुष्कळ गीझरना पेटायला ०.२ ते ०.२५ बार लागतो. खालच्या मजल्यांवर हा प्रश्नच येत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र टाकीचा तळ आणि गीझर यांत जेमतेम दोन-अडीच मीटरचं अंतर असतं. तिथे सगळा खेळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर गीझर पेटतो. सकाळी सगळी इमारत पाणी वापरते, पातळी मीटरभर उतरते, ०.१ बार दाब कमी होतो आणि गीझर गप्प होतो. दुपारी पंप चालून टाकी भरली की पुन्हा ठीक. मेकॅनिक नेमका तेव्हा येतो.

वरच्या मजल्यावरची आणखी एक हमखास तक्रार: बादली भरताना गीझर पेटतो आणि शॉवर लावला की पेटत नाही. शॉवरचं तोंड नळापेक्षा दीड मीटर उंच, म्हणजे तेवढा दाब वजा. त्यात हँड शॉवरची भोकं क्षारांनी बुजलेली. अशा घरात गीझर बदलून उपयोग नाही. टाकीखालचा चौथरा उंच करा, गीझरच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा, किंवा अगदी कमी दाबावर पेटणारं मॉडेल मुद्दाम विचारून घ्या. तोवर बादली बरी.

खालच्या मजल्यावर असूनही पाणी कमी येत असेल तर गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढा. पाण्याचा कॉक बंद करून नट सोडला की ती हातात येते. सोसायटीनं टाकी धुतल्यावर पुढच्या आठवड्यात गीझरच्या तक्रारी वाढतात, त्याचं कारण हीच जाळी. तळाचा गाळ ढवळून पाइपांत उतरतो आणि इथे अडकतो. जुन्या टूथब्रशनं वाहत्या पाण्याखाली घासली की झालं. जाळी फेकून देऊन तसंच जोडू नका. मग तोच गाळ पडद्यापाशी जाऊन बसतो आणि तो काढायला गीझर पूर्ण सोडावा लागतो.

पाणी भरपूर, सेल नवे, जाळी साफ, आणि तरी शांतता असेल तर कव्हर काढायची वेळ आली. गॅस रेग्युलेटरपाशी बंद करा, कव्हर काढा, नळ उघडा आणि दांडीकडे बघा. दांडी हलत नसेल तर पडदा कडक झाला आहे, फाटला आहे, किंवा क्षारांमुळे दांडी अडकली आहे. बोअरवेल आणि टँकरचं पाणी वापरणाऱ्या भागांत हे फार होतं. दांडीच्या मुळाशी पाण्याचे थेंब दिसत असतील तर तिथलं सील गेलंय. पडदा आणि सील हे सुटे मिळतात, मेकॅनिक घरीच बदलून देतो. दांडी नीट पुढे जातेय पण टिकटिक नाही, तर मायक्रोस्विचची पट्टी कोरड्या बोटानं हलवून बघा. हातानं टिकटिक आली तर दांडी स्विचपर्यंत पोचत नाहीये, स्विचची जागा सरकवायची आहे. हातानंही आली नाही तर स्विच, वायर किंवा कंट्रोल बॉक्स. या ठिकाणी माझ्या मते घरच्या माणसानं थांबावं. आपण एवढं शोधून ठेवलं तर मेकॅनिकचं अर्धं काम झालेलं असतं आणि तो उगाच दुसरं काही बदलत नाही.

टिकटिक येते, पण पेटत नाही

सेलबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आडवा येतो. लोक म्हणतात, टिकटिक येतेय म्हणजे सेल चांगले आहेत. तसं नसतं. ठिणगी पाडायला फार थोडी शक्ती लागते. सोलेनॉइडची झडप ओढून उघडायला मात्र एकदम जास्त प्रवाह लागतो. अर्धवट उतरलेले सेल ठिणगी जोरात पाडतात आणि झडप उघडू शकत नाहीत. नीट ऐकलं तर टिकटिक सुरू होताना एक स्वतंत्र "टक्" ऐकू येतो, तो झडपेचा. तो टक् येत नसेल तर आधी सेलच बदलायचे, टिकटिक कितीही जोरात असली तरी.

मल्टिमीटर असेल तर सेल गीझरमध्येच ठेवून, नळ उघडून मोजा. नव्या जोडीचे तीन व्होल्ट भरतात. टिकटिक चालू असताना आकडा अडीचच्या खाली घसरत असेल तर ते सेल गीझरच्या कामाचे नाहीत. काढलेले सेल टाकू नका, भिंतीवरच्या घड्याळाला तसे मोठे सेल लागत असतील तर ते त्यावर पुढे कितीतरी महिने चालतात. गीझरला अल्कलाइन सेल घ्या. साधे स्वस्त सेल थोडे दिवस ठीक चालतात, मग एकदम जास्त प्रवाह मागितला की बसतात, आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा उभे राहतात. "सकाळी पहिल्या माणसाला पेटतो, तिसऱ्याला नाही" ही तक्रार अनेकदा इथून येते. आणि सेल दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना घातला तर जुना नव्यालाही मागे ओढतो.

टक् येतोय, ठिणगी आहे, ज्योत नाही. आता गॅसकडे वळा.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपात हवा भरलेली असते. गीझर ठराविक सेकंद वाट बघतो आणि बंद होतो. नळ बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा उघडा. दोन-तीनदा असं केलं की गॅस पोचतो. शेगडी त्याच लाइनवर असेल तर आधी शेगडी पेटवून हवा काढा, ते जास्त चांगलं. लागोपाठ उघड-बंद मात्र करू नका, न जळलेला गॅस बर्नरभोवती राहतो.

"शेगडी तर चांगली पेटतेय, मग गॅस संपलेला कसा?" हा प्रश्न हमखास येतो. थोडा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्यात जावी लागते. वाया जाणारी धरून तासाला जवळपास एक किलो एलपीजी. शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो. म्हणजे गीझर पेटतो तेव्हा चार-पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण आचेवर लावल्यासारखं आहे. सिलिंडरमधला द्रव इतक्या वेगानं वाफ होऊ लागला की सिलिंडर स्वतःच गार पडतो, बाहेरून घाम सुटतो. सिलिंडर भरलेला असताना हे चालून जातं. तळाशी थोडाच द्रव उरला, त्यात पहाटेची थंडी असली, की वाफ पुरेशी होत नाही. शिवाय एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळ. प्रोपेन आधी उडून जातो, शेवटी उरतो तो ब्युटेन, थंडीत आळसावणारा. निफाड-नाशिककडे पारा एकेरी आकड्यात उतरतो तेव्हा सिलिंडर संपायला आठवडा असताना गीझर बंद पडतो आणि शेगडीवर चहा मात्र होत राहतो. सिलिंडर बदलून बघा, तो जुना सिलिंडर शेगडीला लावा, वाया जात नाही.

यावर काही जण सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतात किंवा आडवा करतात. दोन्ही करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि तापवलेल्या सिलिंडरमधला दाब किती वाढेल यावर आपला काही ताबा नसतो.

शेगडी आणि गीझर एकाच रेग्युलेटरवर असतील तर एक साधी चाचणी: शेगडी बंद ठेवून गीझर पेटवा. पेटला, आणि शेगडी चालू असताना पेटत नसेल, तर लाइन अपुरी आहे. गीझरला वेगळा सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर हेच त्याचं उत्तर. स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत लांबलचक रबरी नळी ओढलेली असेल तर तीही बदला. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब असू नये आणि भिंतीतून तर कधीच नेऊ नये. लांब जायचं असेल तर तांब्याचा पाइप. नळीवर मुदत छापलेली असते, ती वाचा.

पाइप गॅस नव्यानं आलेल्या घरांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई-ठाण्यात, पुण्यात, नाशकात आता पुष्कळ ठिकाणी हा गॅस पोचलाय. शेगडी बदलून देतात, गीझर तसाच राहतो, आणि कुणीतरी जुना एलपीजी गीझर थेट त्याच्यावर जोडतं. एलपीजी रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबारवर येतो, पाइप गॅस घरात साधारण २१ मिलिबारवर. शिवाय तेवढ्याच आकारमानाचा एलपीजी पाइप गॅसच्या अडीचपट उष्णता देतो. एलपीजीचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकं, पाइप गॅससाठी फारच बारीक पडतात. ज्योत पेटतच नाही, किंवा पेटली तरी पाणी कोमट. जेटची पट्टी बदलून घ्यावी लागते, आणि ती कंपनीच्याच माणसाकडून, किंवा सरळ पाइप गॅसचा गीझर घ्यावा. उलटं, म्हणजे पाइप गॅसचा गीझर सिलिंडरवर लावणं, हे तर धोक्याचंच. मोठ्या भोकांतून जास्त गॅस येतो, ज्योत पिवळी आणि लांब होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

राहिले कोळी. पावसाळाभर गीझर बंद असेल तर बर्नरच्या नळ्यांत आणि जेटच्या तोंडाशी कोळी जाळी करतात, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर सापडतं. नरक चतुर्दशीला पहाटे, उटणं लावून सगळे रांगेत बसलेले असताना गीझर न पेटण्यामागे हे कारण मी पाहिलं आहे. दिवाळीआधी आठ दिवस गीझर एकदा लावून बघावा, एवढ्याचसाठी. बर्नर काढून ब्रशनं आणि हवेनं साफ करतात. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक रुंद झालं की ज्योत बिघडते, आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

पेटताना "भप्प" असा मोठा आवाज होत असेल, ज्वाळ कव्हरबाहेर येत असेल, तर त्या क्षणापासून गीझर वापरू नका. गॅस आधी साचतो आणि ठिणगी उशिरा लागते, असा त्याचा अर्थ. ठिणगीची काडी सरकलेली असते किंवा बर्नर तुंबलेला असतो. "गरम तर होतंय ना" म्हणून हे चालवून घेणारी घरं मी पाहतो आणि मला खरोखर भीती वाटते.

पेटतो आणि विझतो

इथे घड्याळ लागतं. विझायला किती वेळ लागला यातच कारण दडलेलं असतं.

पाच-दहा सेकंदांत विझला आणि विझेपर्यंत टिकटिक चालूच होती, तर सेन्सरला ज्योत कळलेली नाही. काडीवर पांढरट किंवा काळा थर असतो. गीझर गार असताना बारीक पॉलिश पेपरनं हलकेच पुसा. काडी ज्योतीत बुडते आहे ना, तिची चिनीमातीची बैठक तडकली नाही ना, हेही बघा. ही दुरुस्ती फुकटातली आहे, आणि तिच्यासाठी लोकांनी पूर्ण कंट्रोल बॉक्स बदलून घेतलेले आहेत.

थंड पाण्याचा नळ उघडला की विझतो? हा गीझरचा दोष नव्हे. मिक्सर नळावर गरम आणि थंड एकत्र सोडलं की थंड पाणी गरम पाण्याची वाट अडवतं, गीझरमधून जाणारं पाणी कमी होतं, पडदा मागे येतो, ज्योत जाते. मग अंगावर येतं निव्वळ थंड पाणी. उपाय असा की गीझरचं पाणी कडकडीत ठेवून त्यात थंड मिसळायचं नाही. गॅसचं बटण कमी करा, पाण्याचं बटण वाढवा, आणि अंगाला सोसेल इतकंच गरम पाणी थेट गीझरमधून घ्या. थंडीत लोक नेमकं उलटं करतात. पाणी आणखी गरम व्हावं म्हणून धार बारीक करतात, आणि धार एका मर्यादेखाली गेली की गीझर विझतो.

दोन-चार मिनिटांनी विझतो आणि थोडा गार झाला की परत पेटतो, तर तो तापून बंद होतोय. गरम पाण्याच्या पाइपावर तापमानाचा सुरक्षा स्विच असतो. पाणी ७५ ते ८५ अंशांच्या घरात गेलं की तो विजेचा प्रवाह तोडतो. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मुळातच तापलेलं असतं आणि गॅसचं बटण जानेवारीतल्या जागी राहिलेलं असतं. ते कमी करा. कमी करूनही होत असेल तर आत क्षारांचा थर बसलाय आणि पाण्याची वाट अरुंद झालीय. लिंबूसत्वाच्या पाण्यानं आतली तांब्याची वेटोळी साफ करून मिळते. संडास साफ करायचं ॲसिड तिथे घालू देऊ नका, तांबं खाल्लं जातं.

हाच तो स्विच, जो काही मेकॅनिक वायर जोडून बाद करतात. गीझर लगेच "दुरुस्त" होतो, म्हणून ग्राहकही खूश. पण आता पाणी कितीही तापलं तरी ज्योत चालूच राहणार. असं काम कुणी करू लागला तर त्याला तिथेच थांबवा आणि नवा स्विच आणायला सांगा. तो महाग नसतो.

बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर काळजी नको. बऱ्याच मॉडेलमध्ये तसा टायमर असतो. नळ बंद करून पुन्हा उघडला की पेटतो.

गीझर बाल्कनीत किंवा डक्टमध्ये असेल आणि वारा सुटला की विझत असेल, तर वाऱ्याच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा करा. चारही बाजूंनी खोकं मात्र करू नका.

आता शेवटचं कारण, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. दार उघडं असताना गीझर छान चालतो, आणि दार लावून अंघोळीला बसलं की काही मिनिटांनी ज्योत पिवळी पडते, मंदावते किंवा विझते. याला बिघाड समजून मेकॅनिकला बोलावू नका. बाथरूममधला प्राणवायू संपत आलाय, असं ती ज्योत सांगतेय. तिथे बसलेला माणूसही तीच हवा घेतोय. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातली ताकद जाते, आणि कडी काढायच्या आधीच माणूस पडतो. गॅस गीझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात येतात, त्या अशाच.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं समजू नका. खालून बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर फॅन कुठून ओढणार? तोच फॅन गीझरमधून निघालेली हवा बाथरूममध्येच फिरवू शकतो. गॅस गीझरची जागा बाथरूमच्या बाहेर आहे. ड्राय बाल्कनीत, उघड्या पॅसेजमध्ये, हवेशीर डक्टला लागून. तिथून गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. गरम पाणी यायला थोडा वेळ लागतो, पाइपाचा थोडा खर्च होतो. जागाच नसेल तर विजेचा गीझर घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकांना सांगा, गीझर हलेपर्यंत दार लावायच्या आधी बादली भरून घ्या, गीझर आणि गॅस बंद करा आणि मगच अंघोळीला जा.

कुणाला आत गरगरलं, हाक मारून उत्तर येईना, तर दार तोडा, स्वतः आत रेंगाळू नका, त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, आणि डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे स्पष्ट सांगा.

बाकीच्या कारणांसाठी, तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी गीझरशेजारी एक कागद चिकटवा. न पेटल्याची वेळ, टिकटिक आली का, टक् आला का, किती सेकंदांनी विझला, शेगडी चालू होती का, थंड नळ उघडा होता का, दार लावलेलं होतं का, सिलिंडर कधी लावला. आठवडाभराच्या नोंदीत एक गोष्ट सारखी दिसू लागते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कागदावर सगळ्या वेळा सात ते आठमधल्या होत्या आणि दुसऱ्या कुठल्याही रकान्यात काही जुळत नव्हतं. टाकीची पातळी बघायला गच्चीवर गेलो आणि उत्तर तिथेच मिळालं. सोसायटीनं पंपाची वेळ तासाभरानं अलीकडे आणली, गीझरला कुणी हातही लावला नाही.

आणि दुरुस्ती झाल्यावर मेकॅनिकसमोर एकदा पेटवून समाधान मानू नका. ज्या वेळी पेटत नव्हता त्याच वेळी, शेगडी चालू ठेवून, शॉवर लावून, सलग दहा मिनिटं चालवून बघा. पैसे देतानाच सांगून ठेवा की उद्या सकाळी बघून फोन करतो.